सतराव्या खांबाचं शून्य

तिला घरात, गल्लीत आणि पुढे विद्यापीठातही सगळे दचकी म्हणत, आणि यात कुणाचा दोष नव्हता. कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची. दाराची बेल वाजली की दचकायची, आणि कुणी येणार आहे हे माहीत असलं तर बेल वाजायच्या आधीपासूनच दचकून बसायची. शाळेत एकदा फळ्यावर खडू मोडला म्हणून ती बाकावरून खाली पडली. बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "घरी मारता का हो मुलीला?"

"मारायची वेळच येत नाही," आई म्हणाली. "त्याआधीच ती रडते."

अशी मुलगी इकॉलॉजी शिकायला निघाली तेव्हा घरात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. या विषयात एम. एस्सी. करायची म्हणजे नुसतं खोलीत बसून पुस्तकं वाचायची नसतात. चिखलात उभं राहून पक्षी, बेडूक, किडे मोजायचे असतात, तेही भल्या सकाळी, तेही महिनोन्महिने. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो हे ऐकलं होतं," आई म्हणाली, "पण भित्रा आपण होऊन ब्रह्मराक्षसाचा पत्ता विचारत निघालेला आजच पाहिला." आईची जीभ तशी धारदारच. दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम ती वीस वर्षं करत होती, आणि घाबरलेल्या माणसांशी बोलायची तिची हीच एक तऱ्हा होती.

पण खरी गोष्ट अशी की दचकी भित्री होती म्हणूनच या विषयात चांगली होती. ज्याची भीती वाटते त्याच्यावरची नजर हलवायची नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नियम. न्हाणीघरातली पाल कुठल्या फटीतून येते, किती वाजता येते, दिव्याच्या कोणत्या बाजूला थांबते, हे तिला सहाव्या वर्षी पाठ होतं. शूर माणसं पालीकडे ढुंकूनही बघत नाहीत, मग त्यांना काय डोंबल कळणार? प्रवेशाच्या मुलाखतीत विभागाच्या मॅडमनी विचारलं, "या खोलीत आल्यापासून काय काय पाहिलंस?" दचकीनं पंख्यावरचं कोळ्याचं जाळं सांगितलं, खिडकीच्या कोपऱ्यातलं गांधीलमाशीचं घर सांगितलं, आणि मॅडमच्या खुर्चीवर चढणारी मुंग्यांची रांग सांगितली. मॅडम झटक्यात उठून उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी यादीत तिचं नाव होतं.

घरात खरे धीट मानले जायचे ते बाबा. ते लिफ्टचे मेकॅनिक. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली करते त्याला शाफ्ट म्हणतात, आणि बाबांची अर्धी नोकरी त्या शाफ्टच्या अंधारात, शिडीवर लोंबकळत गेली होती. आत उतरायच्या आधी ते वरच्या स्विचला स्वतःचं पितळी कुलूप घालत आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत. माणूस आत असताना वर कुणी 'दोनच मिनिटं' म्हणून लिफ्ट चालू केली तर खाली चटणी व्हायची. "किल्ली कुणाला द्यायची नाही," ते म्हणत. "साहेबाला नाही, सख्ख्या भावाला नाही." काम झालं की लिफ्टच्या कार्डावर तारीख घालायची, सही करायची, मग कुलूप काढायचं. त्यांच्यावर घरात एकच विनोद चाले. आत्या सहाव्या मजल्यावर राहायची, तिच्या इमारतीला चांगली लिफ्ट होती, आणि तिच्याकडे जाताना बाबा सगळ्यांना जिन्यानं चढवत. "व्यायाम होतो," ते म्हणत. आई चौथ्या मजल्यावर पायरीवर बसकण मारून म्हणे, "जगाला वर नेतो आणि बायकोला चालवतो."

विभागाचं तळं शहराच्या कडेला होतं. तळं म्हणायचं, पण अर्धं पाणी आणि अर्धी दलदल. त्यात डोक्याच्याही वर गेलेली पाणकणसं. त्या पाणकणसांत लोखंडी नळाचे चोवीस खांब रोवलेले होते, प्रत्येकावर पत्र्याचा नंबर. महिन्यातून एकदा प्रत्येक खांबापाशी चालत जायचं, मापकाठी खुपसून चिखल किती खोल आहे ते बघायचं, आणि खांबाभोवती दहा पावलांत पाणकोंबडीची घरटी मोजायची. आधीच्या बॅचनी वीस वर्षं हे केलं होतं. आता वर्षभराची मोजणी दचकीकडे आणि तिच्या वर्गातल्या उंटाकडे होती. उंट म्हणजे एक लांबलचक, सुस्वभावी मुलगा. घरटी पायाखाली यायला लागली तरच त्याला दिसायची.

मोजणीच्या वहीचे मॅडमचे नियम होते. पेन नाही, पेन्सिल. खोडरबर नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारून वर नवीन लिहायचं, म्हणजे चूकही वाचता येते. आणि सगळ्यात मोठा नियम शून्याचा. खांबापाशी गेलो, पाहिलं, घरटं नव्हतं, तर शून्य. गेलोच नाही तर नुसती रेघ, आणि शेवटच्या रकान्यात कारण. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "शून्य फुकट मिळत नाही. त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं." सगळ्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. दचकीनं त्याखाली चौकटही काढली.

या तळ्याचे खरे धनी होते काठीमामा. विभागात ते मदतनीस म्हणून लागले त्याला तीस वर्षं झाली होती. दर पावलाला काठी टोचून, मगच पाय टाकायचा, अशी त्यांची चाल. पण मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला. काठी दाबताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ते आता बांधावर बसून मुलांवर लक्ष ठेवत. सतरावा खांब गंजून पडला तेव्हा नवा खांब त्यांनी होडीतून, पाणी भरलेलं असताना रोवला होता, जुन्या वाटेपासून बराच बाजूला. तिथे पायी कुणी गेलेलं नव्हतं.

पहिली जाणारी दचकी. मोजणीला जोडीनं जायचं असा नियम होता, पण ऊन चढायच्या आत चोवीस खांब उरकत नाहीत म्हणून दोघांनी वाटणी केली होती. एक ते बारा उंटाचे, तेरा ते चोवीस हिचे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर, त्यात काय होतंय? सोळाव्या खांबापर्यंत चिखल गुडघ्याच्या खाली होता. तिनं सोळाचा आकडा लिहिला, वही दातांत धरली, सतराच्या दिशेनं पाय टाकला, आणि पायाला खाली काही लागलंच नाही.

ती कमरेपर्यंत गेली. आवाज झाला नाही, पाणी उडालं नाही. चिखलानं तिला आत घेतलं आणि तो पुन्हा सपाट झाला. हाक मारायची तर तोंडात वही. आडव्या पडलेल्या मापकाठीवर छाती टाकून, पाणकणसांच्या बुडख्यांना धरून ती बाहेर आली तेव्हा घड्याळात फक्त तीन मिनिटं पुढे सरकली होती. तिला हातपाय आहेत की नाहीत हे कळत नव्हतं. उंटानं विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा ती म्हणाली, "घसरले."

बांधावर बसून तिनं वही उघडली. सतराच्या ओळीत रेघ मारायला हवी होती, आणि शेवटच्या रकान्यात कारण. कारण होतं भीती. 'पाऊस', 'होडी नाही', 'आजारी' अशी कारणं आधीच्या बॅचनी लिहिलेली होती. भीती कुणीच लिहिलेली नव्हती. शिवाय मॅडम विचारणार, मामा ऐकणार, उंट हसणार, आणि आईपर्यंत गेलं तर जन्मभर पुरणार. तिनं सोळाचा आकडा बघितला आणि सतरापुढे लिहिलं: चिखल चाळीस सेंटिमीटर. घरटी शून्य.

दुसऱ्या महिन्यात ती सोळापाशी उभी राहून सतराकडे नुसतं बघून आली. अडतीस, शून्य. तिसऱ्या महिन्यात बेचाळीस, शून्य. आकडे जरा वरखाली ठेवायचे हे तिला सुचलं, आणि असलं सुचतं याची तिला स्वतःचीच शिसारी आली. चौथ्या महिन्यातही तेच. बाकी तेवीस खांबांचा आकडा न् आकडा खरा होता. मॅडम वही बघून म्हणायच्या, "अशी स्वच्छ मोजणी मी कित्येक वर्षांत पाहिली नाही." स्तुती ऐकून मान खाली घालणारी विद्यार्थिनी त्या विभागात बहुधा ती एकटीच असेल. रात्री डोळे मिटले की पायाखालचं ते काही नसणं तिला पुन्हा जाणवायचं, आणि ती अंथरुणात पाय पोटाशी घ्यायची.

मग एका गुरुवारी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. पहिल्या वर्षाच्या अकरा मुलांना शनिवारी तळ्यावर न्यायचं होतं. घरट्यांचा हंगाम होता, तेव्हा मुलं उभी करायची ती जागा अशी हवी की तिथे चिखल उथळ असेल आणि एकही घरटं पायाखाली येणार नाही. मॅडमनी वही उघडली, बोट वरून खाली नेलं आणि ते एका ओळीवर थांबलं.

"सतरा," त्या म्हणाल्या. "चार महिने शून्य, आणि चिखल चाळीसच्या आसपास. याहून चांगली जागा सापडणार नाही. अकराही जण तिथेच उभे करू."

"मी पुढे चालतो," काठीमामा म्हणाले. "दचकीनं मोजलंय म्हणजे मला काठी टोचत बसायला नको. खांद्याला तेवढाच आराम."

दचकीला आत्ताच बोलायला हवं होतं. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? मॅडम, ते खोटं आहे. एवढंच. पण ते एवढंच बोललं की वर्षभराची मोजणी गेली, पदवी गेली, कदाचित विभागही गेला. खोटे आकडे लिहिणाऱ्याला इथे दुसऱ्यांदा पेन्सिल देत नाहीत हे तिनं ऐकलं होतं. शुक्रवारी ती मॅडमच्या खोलीपाशी तीनदा गेली. पहिल्यांदा मॅडम फोनवर होत्या. दुसऱ्यांदा आत कुणीतरी होतं. तिसऱ्यांदा आत कुणी नव्हतं, मॅडम एकट्याच होत्या, आणि दार सताड उघडं होतं. दचकी दारावरून पुढे निघून गेली आणि पाण्याच्या मशिनपाशी जाऊन तीन पेले पाणी प्यायली.

संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि मोरीत साबणानं हाताचं ग्रीस काढत बसले. ती दाराला टेकून उभी राहिली.

"बाबा, न बघता कार्डावर सही केली तर काय होतं?"

"कुणाला काय होतं?"

"सही करणाऱ्याला."

"त्याला काही होत नाही," बाबा म्हणाले. "सही वाचून जो पुढे जातो त्याला होतं."

"तुम्ही कधी केलीत?"

बाबांनी नळ सोडला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ते धूत राहिले. आईनं आतून विचारलं, "पाणी काय विकत घेतलंय का?" तेव्हा कुठे नळ बंद झाला. मग ते टॉवेल शोधायला गेले.

शनिवारी सकाळी गाडी तळ्याशी थांबली तेव्हा दचकी अकरा मुलांबरोबर खाली उतरली. गाडीत ती सांगणार होती, पण गाडीत मुलं गाणी म्हणत होती. बूट चढवताना सांगणार होती, पण एका मुलीचा बूट चुकीच्या पायात गेला आणि तो काढण्यात वेळ गेला. ही मुलगी वर्गात सगळ्यात लहानखुरी होती. दचकीच्या खांद्यापर्यंतही येत नव्हती. कमरेपर्यंत बुडायला तिला किती चिखल लागेल, हा हिशेब दचकीच्या डोक्यात आपोआप झाला आणि मग जाईना.

एकामागे एक अशी रांग पाणकणसांत शिरली. पुढे काठीमामा, काठी डाव्या खांद्यावर. त्यांच्या मागे दचकी, कारण हा भाग तिचा. मग लहानखुरी मुलगी, मग बाकीचे, मध्ये उंट वही घेऊन, शेवटी मॅडम. उंट मोठ्यानं आकडे वाचत होता.

"तेरा, पस्तीस."

मामांनी पाय टाकला. चिखल बरोबर पस्तीस. मागे मुलांनी पाय टाकले, ही खिदळली, तो घसरला, सगळे पार झाले.

"चौदा, तीस."

बरोबर तीस. "काय पोरगी आहे!" मामा मागे न बघता म्हणाले. "इंचभर इकडे तिकडे नाही." तिचे आकडे खरे निघत होते, आणि प्रत्येक खऱ्या आकड्यासरशी मामांचं पाऊल जास्त बेफिकीर पडत होतं. दचकीची पाचावर धारण बसली. पंधराव्या खांबापाशी तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. बोबडी वळते म्हणतात ती अशी. जीभ जागच्या जागी असते, पण ती आपली नसते. मागे लहानखुरी मुलगी विचारत होती, "ताई, घरटं केव्हा दिसणार?"

सोळा. तिच्यापुढे पाणकणसांत थोडी मोकळी जागा होती, पलीकडे सतरा नंबरचा पत्रा उन्हात चमकत होता, आणि मधला चिखल सपाट, गुळगुळीत, कुणाचाही पाय न लागलेला. तेवढ्यात तिला एक शब्द सुचला. साप. पुढे साप आहे असं ओरडलं की सगळे पळत बांधावर जातील. मामासुद्धा. दचकी घाबरली म्हणून कुणाला नवल वाटणार नाही. मॅडम दुसरी जागा निवडतील, वही तशीच राहील, पदवीसुद्धा. भित्रेपणाचा जन्मभरात पहिल्यांदाच उपयोग होणार होता. तिनं श्वास घेतला. आणि मग वाटलं, पुढच्या वर्षी दुसरी बॅच येईल, ती वही उघडेल, बोट वरून खाली नेईल.

"सतरा, चाळीस," मागून उंट म्हणाला.

ती ठरवत होती. साप म्हणायचं की खरं सांगायचं, हे ती अजून ठरवतच होती, आणि काठीमामांनी पाय टाकला.

तेही तिच्यासारखेच आवाज न करता आत गेले. मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग थोडे थांबून छातीपर्यंत. काठी खांद्यावरून निसटून बाजूला पडली. मामा ओरडले नाहीत. दचकीनं त्यांच्या चेहऱ्यावर जे कधी पाहिलं नव्हतं ते आता तिथे होतं, आणि ते तिला चांगलं ओळखीचं होतं.

"कुणी पुढे येऊ नका!" हा आवाज तिचाच होता, पण इतका मोठा आवाज आपल्याकडे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती पालथी पडली. चिखलावर सपाट पसरली, काठी ओढून मामांच्या काखेखाली आडवी घातली आणि दोन्ही हातांनी धरली. "उंटा, माझे पाय धर. बाकीच्यांनी उंटाला धरा." थंड चिखल तिच्या गळ्यातून आत शिरत होता. मामांचा चेहरा तिच्यापासून वीतभर लांब होता.

"मामा," ती म्हणाली, "सतरा मी मोजलेलाच नाही. चारही महिने."

"आधी ओढ," मामा म्हणाले. "मग सांग."

अकरा मुलं, एक उंट आणि सगळ्यात मागे मॅडम, असे सगळे ओढत होते. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मामांचा श्वास आखूड झाला, ओठ पांढरे पडले, आणि दचकीला वाटलं, हा माणूस आता माझ्यासमोर जाणार, मी लिहिलेल्या आकड्यात बुडून. मग चिखलातून मोठा पचक् आवाज आला आणि मामा बोटभर वर आले. मग वीतभर. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका पायात बूट नव्हता. लहानखुरी मुलगी रडत होती. बाकीच्या कुणाला रडायचंही सुचलं नाही.

बांधावरच्या शेडमध्ये मॅडमनी मामांना गरम चहा दिला, खांदा बघितला, घोंगडी गुंडाळली. दचकीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्या महिन्यातलं, तोंडातल्या वहीचं, सोळापाशी उभं राहून केलेल्या मोजणीचं. जोडी आम्हीच मोडली होती, हे उंटानं मध्येच सांगून टाकलं. 'साप'सुद्धा तिनं सांगितला. तो कुणी विचारला नव्हता. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली आणि पेन्सिल दिली.

तिनं चार शून्यांवर चार आडव्या रेघा मारल्या. चिखलाच्या चार आकड्यांवर चार. वर नुसती रेघ काढली. शेवटच्या रकान्याशी येऊन ती थांबली.

"कारण काय लिहू?"

"जे होतं ते."

तिनं चार वेळा लिहिलं: भीती. भीती. भीती. भीती.

मॅडमनी वही आपल्याकडे फिरवून वाचली आणि बंद केली. "यंदाची मोजणी बाद. पुढच्या वर्षी पहिल्यापासून, बारा महिने, जोडीनं. ती तुला द्यायची की नाही, हे मी नाही ठरवणार," त्या म्हणाल्या आणि मामांकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

मामांनी चहा संपवला आणि आपल्या अनवाणी पायाकडे बघितलं. "बूट राहिलाय माझा तिकडे," ते म्हणाले. "तो आणायला कुणीतरी लागेलच."

ती घरी गेली तेव्हा गळ्यापासून पायापर्यंत चिखल वाळून पापडी झाली होती. आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "म्हशींबरोबर गेली होतीस की म्हशींऐवजी?" मग मुलीचा चेहरा पाहून तिनं स्टूल पुढे सरकवलं. दचकीनं स्टुलावर बसून पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं असेल असं वाटलं होतं. तसं काही नसतं. बाबा ऐकत होते.

"काल तू विचारलंस ना," ते म्हणाले. "एकदा केली."

आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुझ्या आत्याची इमारत. अकरा वर्षं झाली. त्या आठवड्यात माझा जोडीदार दुसरीकडे शाफ्टमधून पडला होता. मी कुलूप घातलं, दार उघडलं, आणि पाय शिडीवर पडेना. तासभर तसाच उभा होतो. मग दार लावलं आणि कार्डावर सही केली." बाबा स्वतःच्या तळहातांकडे बघत बोलत होते. "कॅबिनच्या खाली एक ब्रेक असतो. दोर तुटला तर तो रुळाला धरून ठेवतो. तो मी पाहिलाच नाही."

"पण नंतर कुणीतरी पाहिला असेल."

"नंतर ती इमारत मी दुसऱ्याला द्यायला लावली. तो माझी सही बघून सही करतो. त्याच्यानंतरचा त्याची बघून. मी विचारलंय त्यांना."

"आणि मी जिने चढले," आई म्हणाली. हे ती नेहमीच्या सुरात म्हणायला गेली, पण सूर लागला नाही. "अहो, वन्सं रोज त्या लिफ्टनं खाली-वर करतात."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "तिला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. अकरा वर्षं रोज सकाळी मला ते ठाऊक असतं."

दचकीनं ही भीती कुठून आणली हा प्रश्न या घरात बावीस वर्षं गमतीनं विचारला जात होता.

रविवारी सकाळी बाबांनी कामाची पिशवी घेतली आणि दारात उभं राहून म्हणाले, "येतेस?" आत्याच्या इमारतीत ती दोघं सहा मजले जिन्यानं चढली, मग आणखी एक, गच्चीवरच्या मशिनच्या खोलीपर्यंत. बाबांनी स्विच पाडला, पितळी कुलूप घातलं, ओढून बघितलं. दोघं पुन्हा खाली आली. तळमजल्यावर त्यांनी शाफ्टचं दार उघडलं. आतून तेलाचा आणि कोंदट ओलीचा वास आला. कॅबिन वर दुसऱ्या मजल्याशी थांबलेली होती, आणि काळोखात एक लोखंडी शिडी तिच्यापर्यंत वर गेली होती. बाबांचं कपाळ घामानं भिजलं होतं. त्यांनी आतल्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"मी?" ती म्हणाली. "बाबा, कुणाला द्यायची नसते ना?"

"नसते," बाबा म्हणाले. "आज धर."

"आणि मी घाबरले तर?"

"मग घट्ट धर."

ते शिडीवर पाय टाकून थांबले. एक पाय आत, एक बाहेर, असे बराच वेळ. अशा वेळी बोलून काही होत नाही हे तिला माहीत होतं. मग दुसरा पाय आत गेला, डोकं दिसेनासं झालं, आणि आत बॅटरीचा उजेड वर सरकायला लागला. ती पहिल्या पायरीवर बसली. किल्ली मुठीत होती, मूठ दुसऱ्या मुठीत, आणि दोन्ही मुठी गुडघ्यांमध्ये. आतून लोखंडावर लोखंड वाजलं तशी ती दचकली. पुन्हा वाजलं, पुन्हा दचकली. किल्लीचे दाते तळव्यात रुतले होते.

बाहेरून एक गृहस्थ आले, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग तिच्या मुठीतून डोकावणाऱ्या किल्लीकडे आणि उघड्या दाराकडे बघितलं.

"किल्ली तुमच्याकडे आहे ना?" ते म्हणाले. "चालू करा जरा. पाचव्या मजल्यावर जायचंय, दोनच मिनिटं लागतील."

दचकी उठून उभी राहिली. दचकतच तिनं किल्लीची मूठ पाठीमागे घेतली.

"नाही," ती म्हणाली. "आत माणूस आहे."